डाव्या बाजूचा खिसा

सोनगीरला शिवणकाम करणाऱ्या बायका काही कमी नाहीत. पण माप घेण्याआधी गिऱ्हाइकाच्या अंगावर दोऱ्याचं रीळ फेकून मारणारी एकच, प्रमिलाअक्का. पोरगी दारात चप्पल काढते न काढते तोच अक्काचा आवाज यायचा, "ए, झेल!" आणि रीळ थेट तोंडाच्या रोखाने. पोरगी दचकायची, हात वर जायचा. रीळ कधी हातात यायचं, कधी कपाळावर बसायचं. अक्काला रिळाशी काही देणंघेणं नव्हतं, ती हात बघायची. उजवा उठला तर कापडाच्या उजव्या कडेला खडूची फुली, डावा उठला तर डाव्या. त्या फुलीच्या जागी शिवणीत एक चोरखिसा यायचा आणि त्या खिशात मिरचीच्या पाण्याची बाटली राहायची.

गावातल्या झाडून साऱ्या पोरींच्या अंगावर रीळ फेकलं या बाईने. फक्त एका पोरीवर नाही फेकलं, ती म्हणजे घरची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी कुठला असतो?

तर झालं असं. सोनगीर हमरस्त्यावरचं गाव. प्रमिलाबाईची एकुलती एक लेक सुलक्षणा धुळ्याला औषधशास्त्राच्या कॉलेजात जायची. सकाळी जाताना गावातल्या दहा जणी सोबत असायच्या, पण संध्याकाळी प्रॅक्टिकल संपवून ती एकटीच फाट्यावर उतरायची. फाट्यापासून घर म्हणाल तर हाकेच्या अंतरावर, पण मोटारसायकलवर बसून शिट्ट्या मारणाऱ्यांना तेवढंही पुरतं. त्याच वर्षी नवल पाटलाच्या पोरीची ओढणी कुणीतरी फाट्यावर ओढली. ओढणारे पळून गेले आणि शिक्षा झाली पोरीला. बापाने दुसऱ्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद केलं. वा रे न्याय!

ते ऐकून प्रमिलाबाईचा नवरा सुकदेव जेवताना हळूच म्हणाला, "आपलीबी पोर घरी बसाडी लेऊत का?"

हातातली भाकर तव्यावर आपटून प्रमिलाबाई म्हणाली, "माले बी असंच बसाडेल व्हतं. सातवीमा. नदीवर एक पोऱ्या आडवा उना म्हनीसन. पोऱ्या शिकी गया, मास्तर व्हयी गया. मी मशीन चालाडी राहिनू. मनी पोर नही बसाव, सांगी ठेवस!"

सुकदेवने पुढचा घास घेतला. कापूस आणि बैल सोडून दुसऱ्या कशावर बायकोशी वाद घालायचा नाही, हे तो लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकला होता. प्रमिलाबाईच्या आयुष्यात मागणं म्हणून एकच होतं, की सुलक्षणाने कॉलेज पुरं करावं, आणि रोज संध्याकाळी धडधाकट घरी यावं. बाकी देवाने काही दिलं नसतं तरी चाललं असतं तिला.

मग गावच्या शाळेत पोरींना स्वसंरक्षण शिकवणारा रविवारचा वर्ग सुरू झाला. धुळ्याहून शाझिया मॅडम यायच्या. ज्युदो शिकलेल्या, बुटक्या, आवाज मात्र असा की मैदानाबाहेर बांधलेली म्हैस दावं तोडायला बघायची. शेतातलं एक बुजगावणं आणून मैदानात उभं केलं होतं, त्याच्या अंगात सुकदेवचा जुना शर्ट. पोरी लाजत लाजत त्याच्या नाकावर तळहात मारायच्या. मग लाज गेली. पोरींच्या मागे त्यांच्या आया आल्या, आणि आयांनी त्या बुजगावण्याला जे काही ठोकलं, ते बघून पारावरच्या म्हाताऱ्यांनी सुकदेवला विचारलं, "भाऊ, शर्ट तुना शे, मार कोनले बठी राहिना?" हसून हसून गाव लोळलं. सुकदेवही हसला बिचारा.

शाझिया मॅडमचं सांगणं सोपं होतं. ओरडायचं, डोळ्यात मारायचं, पळायचं. मर्दुमकी दाखवत थांबायचं नाही. एकदा त्यांनी पोरींना विचारलं, मिरचीची बाटली कुठे ठेवता? सगळ्या म्हणाल्या, पर्समध्ये. मॅडमने घड्याळ धरलं आणि म्हणाल्या, काढा. कुणाची चेन अडकली, कुणाच्या हाती आधी टिकल्यांचं पाकीट आलं, कुणाच्या हाती डबा. "पर्समधली बाटली म्हणजे घरीच ठेवलेली बाटली," मॅडम म्हणाल्या.

कडेला बसलेल्या प्रमिलाबाईच्या डोक्यात ते घुसलं. त्याच दिवशी घरी येऊन तिने मशीनवर बसून चोरखिसा तयार केला. कुर्तीच्या बाजूच्या शिवणीत, कमरेच्या जरा खाली, हात सोडला की बोटं आपोआप टेकतील तिथे. वर एक टिचबटण, तेही सैल. बाहेरून बघणाऱ्याला शिवणच दिसावी. बाटली म्हणजे डोळ्यांच्या थेंबांची रिकामी, आत दोंडाईच्याच्या मिरचीचं पाणी, फडक्यातून दोनदा गाळलेलं, नाहीतर तोटी तुंबते. दाबली की धार जाते. आठवड्यात अक्काच्या दारात पोरींची रांग लागली.

रिळाची अक्कल मात्र तिला आयतमुळे आली. शेजारच्या फारुखभाईंची ही मुलगी. फारुखभाई तांब्या-पितळेच्या भांड्यांवर ठोके मारायचे आणि त्यांची बायको आबेदा प्रमिलाबाईची जिवाभावाची मैत्रीण. मैदानात आयतचा हात काही केल्या खिशात नीट जाईना. मॅडम "हां!" म्हणून अंगावर धावल्या की ही उजव्या खिशाकडे जायच्या आधी डावा हात हवेत फिरवायची. प्रमिलाबाईने आबेदाला विचारलं, "हाई पोर डावखुरी शे का व?"

आबेदा जरा ओशाळली. "खाते, लिहिते तर उजव्यानेच, अक्का. आम्ही लहानपणीच सवय मोडली. पण घाबरली ना, की अल्लाने दिलेलाच हात उठतो."

काय लाखमोलाचं बोलली आबेदा! प्रमिलाबाईने ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. आयतचा खिसा उसवून डावीकडे लावला आणि त्या दिवसापासून प्रत्येक पोरीवर रीळ फेकायला लागली. "तू सांगशीन त्याना मी इश्वास नही धराव," ती पोरींना सांगायची. "भीती वाटनी का जो हात उठस, तो तुना हात."

आणि आता ऐका. सुलक्षणा डावखुरी होती.

चार वर्षांची असताना तिने ताटातली खिचडी डाव्या हाताने उचलली, तेव्हा प्रमिलाबाईच्या सासूने कपाळावर हात मारला होता. डाव्या हाताने जेवणारी पोर म्हणजे घरात अवदसा, उद्या सासरी काय नाव काढेल, माय काय शिकवून राहिली म्हणतील. सासू बोलायला फटकळ होती आणि प्रमिलाबाई तेव्हा वयाने लहान. तिने ब्लाउजच्या कापडाची एक चिंधी घेतली आणि जेवायच्या वेळी पोरीचा डावा हात पाठीमागे बांधायला लागली. पोर रडायची. प्रमिलाबाईही चुलीकडे तोंड करून रडायची, पण गाठ काही सोडायची नाही. शेवटी हात बदलला. सुलक्षणा उजव्या हाताने जेवायला लागली, लिहायला लागली, तिचं अक्षर मोत्यासारखं झालं. सासू गेली, पण जाताना सुनेला म्हणाली, पोरीले वळन चांगलं लावं तू. त्या शाबासकीवर प्रमिलाबाई किती वर्षं जगली म्हणून सांगू!

सुलक्षणाच्या सगळ्या कुर्त्यांना खिसा होता, आणि उजवीकडे होता. फुली करायचीसुद्धा गरज वाटली नाही आईला.

दिवाळीनंतर एक गंमत झाली. धुळ्याच्या बसस्टँडवर गर्दीत एकाने आयतच्या कमरेला हात लावला. पोरीने काय केलं कुणाला कळलंच नाही, तो बाबा डोळे चोळत खाली बसला आणि "पाणी, पाणी" करायला लागला. आयत बसमध्ये चढून मोकळी. गावात आल्यावर आबेदाने शेवया केल्या आणि प्रमिलाअक्काला वाटी भरून आणून दिली. अक्का चार दिवस जमिनीला पाय लावत नव्हती.

शेवया आल्या त्याच संध्याकाळी सुलक्षणा मशीनपाशी येऊन बसली. उगाच कातरणी उघडबंद करत राहिली आणि मग म्हणाली, "माय, मनाबी खिसा डावी बाजूले लाव ना."

"कसाले?"

"मैदानमा मना हातबी पहिले तथाच जास. मी मुद्दाम याद करीसन उजवा टाकस. खरंच कोनी उनं ते याद नही राव्हाव."

प्रमिलाबाईचं मशीन थांबलं. पुढच्या महिन्यात पाचोऱ्याहून सुलक्षणाला बघायला पाहुणे यायचे होते. मुलगा तिथल्या औषधाच्या दुकानात, घर चांगलं, सासू जुन्या वळणाची. चहाचा ट्रे, कुंकवाची कोयरी, सगळं उजव्या हाताने व्हायला हवं होतं. आता हा हात पुन्हा जागा झाला तर? इतक्या वर्षांचं वळण पाण्यात जायचं!

"आते तुना हात उजवा व्हयी जायेल शे," ती फटकन म्हणाली. "पुन्हा डावाना लाड नको. लोके काय म्हनतीन? सवय कर, व्हयी जाई."

"आयतले लावी दिना ना तू."

"आयत आबेदानी पोर शे. तू मनी शे."

झालं. दुसऱ्याच्या पोरीला मुभा आणि आपल्या पोरीला शिस्त. याला माया म्हणायचं की काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा. सुलक्षणा उठून आत गेली. ती भांडणारी पोर नव्हती, तिथेच तर घात झाला.

थंडीचे दिवस, लवकर अंधारून यायचं. फाट्यावर सुलक्षणा उतरली तेव्हा अजून माणूस ओळखू येईल एवढा उजेड होता. मोटारसायकलवर दोघे होते. ते आधी पुढे गेले आणि मग वळून आले. मागच्याने तिच्याकडे हात टाकला. रस्त्याकडेच्या टपरीवाल्याने तिचं ओरडणं ऐकलं आणि तो धावला, पण पोचेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. मागच्याने सुलक्षणाचं डावं मनगट धरलं, पुढच्याने गाडी सोडली, आणि पोर त्या मनगटाला लटकत रस्त्याने फरफटत गेली. गतिरोधकापाशी हात सुटला. खिशातली बाटली खिशातच होती, टिचबटणसुद्धा उघडलं नव्हतं.

धुळ्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी पोलिसबाई जबाब घ्यायला आली. प्रमिलाबाई दाराबाहेर बाकावर बसली होती. दार अर्धं उघडं होतं.

"तुझ्याकडे मिरचीची बाटली होती ना?" पोलिसबाईने मायेनेच विचारलं. "गावात वर्ग होतो म्हणे. मग वापरली नाहीस?"

सुलक्षणाचा आवाज खोल गेलेला होता. "माझा हात आधी डावीकडे गेला मॅडम. तिथे काही नव्हतं. मग आठवलं, उजवीकडे आहे. तेवढ्यात त्याने तो हात धरला."

"कोणता?"

"डावा. अजून तिथेच बाटली शोधत होता तो हात."

बाहेर बाकावर बसलेल्या बाईने ते ऐकलं. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. आत जाऊन लेकीचे पाय धरावेत असं तिला वाटत होतं, पण ती उठली नाही. सुकदेव चहा घेऊन आला आणि तिच्याकडे बघून घाबरला. काय झालं म्हणून त्याने विचारलं. तिने चहाचा ग्लास घेऊन बाकावर ठेवला.

डॉक्टरांनी नंतर दोघांना बसवून समजावलं. हाड सांधेल, कातडी भरून येईल. पण खांद्यातल्या, हात हलवणाऱ्या नसा मुळातून ओढल्या गेल्या होत्या. मुंबईला दाखवा, ऑपरेशन करून बघा, पण आशा फार धरू नका. मुंबईलाही जाऊन आले. हात राहिला, पण खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. ते दोघे पकडले गेले, केस उभी राहिली, तारखा पडत राहिल्या. पाचोऱ्याच्या पाहुण्यांचा पुन्हा फोन आला नाही. त्यांचं कुणाला काही वाटलंही नाही, खरं सांगायचं तर.

सुलक्षणा घरी आली आणि घरातच राहिली. कॉलेजचं नाव नाही, फाट्याचं नाव नाही, दाराच्या उंबऱ्यापर्यंतसुद्धा यायची नाही. जिला घरी बसवणार नाही म्हणून आईने तव्यावर भाकर आपटली होती, ती पोर मागच्या खोलीत खिडकी लावून बसली. आईला ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या, ताट फेकलं असतं, तर प्रमिलाबाईने ते प्रसादासारखं झेललं असतं. पण पोर ताटावर बसायची, डावा हात मांडीवर उचलून ठेवायची आणि उजव्या हाताने निमूट जेवायची.

सुकदेवची चुलती यशोदाबाई शिंदखेड्याहून भेटायला आली होती. म्हातारी शेजारी बसून पोरीचं जेवण बघत होती. पोरीची समजूत घालावी म्हणून ती म्हणाली, "जाऊ दे माय, डावाच गया. जेवाना हात ते देवनी ठेया ना!"

प्रमिलाबाई ताट टाकून परसात गेली. धुण्याच्या दगडावर बसून ती इतकी रडली की आबेदाने कुंपणावरून ऐकलं. आबेदा आली, तिने तिला जवळ घेतलं. त्या दिवशी प्रमिलाबाईने आबेदाला सगळं सांगितलं. चिंधीचं, गाठीचं, पोरीने खिसा मागितला त्याचं. "तू सांगं व्हतं माले, आबेदा," ती म्हणत राहिली. "तूच सांगं व्हतं. बठ्ठा गावले सांगं मी ते. घरमा नही सांगं."

रीळ तिने फेकून दिलं. चोरखिसे शिवायचं बंद केलं. पोरी यायच्या, ती म्हणायची, आता मी फक्त फॉल-पिको करते. शाझिया मॅडम स्वतः घरी आल्या आणि सुलक्षणापाशी बराच वेळ बसल्या. निघताना त्यांनीही प्रमिलाबाईला समजावलं की खिसे बंद करू नका. प्रमिलाबाईने नुसते हात जोडले.

उन्हाळा संपत आला तेव्हा आबेदा आयतला घेऊन प्रमिलाबाईच्या घराच्या पुढच्या खोलीतल्या शिवणाच्या दुकानात आली. आयतच्या कुर्तीचा खिसा फाटला होता, आणि तिचं कॉलेज पुन्हा सुरू व्हायचं होतं.

"एवढा शिवून दे, अक्का."

"मी नही शिवाव. मुडदा जाऊ दे तो खिसा! कोनीबी शिवी देई, शिंपीकडे जा."

"शिंपी बाप्या आहे अक्का. पोरीच्या कमरेला कुठे हात पोचतो, ते त्याला काय कळणार?"

"नही म्हनं ना!" प्रमिलाबाई ओरडली आणि तिचा आवाज फाटला. आयत बिचारी दारातच उभी राहिली.

तेवढ्यात आतला पडदा हलला. सुलक्षणा बाहेर आली. किती महिन्यांनी तिने दुकानात पाय ठेवला होता. केस विंचरलेले नव्हते, डावा हात उजव्या हाताने कोपराशी धरलेला, तान्ही पोर धरतात तसा. आयतने मान खाली घातली. सुलक्षणाने तिच्या हातातली कुर्ती घेतली, फाटलेली शिवण बघितली आणि मशीनवर आईसमोर ठेवली.

"तिले शिवी दे, माय."

प्रमिलाबाईने कुर्ती हातात घेतली.

"डावीकडेच लाव, पहिले व्हता तसाच," सुलक्षणा म्हणाली. मग म्हणाली, "आनि मग मनाबी एक लाव."

"तुले?" आईने विचारलं. "आते... आते कसाले व पोरी?"

"कॉलेज चालू व्हई राहिनं. बसमा हात लोंबस. धक्का लागस, लोके दखतस." सुलक्षणा सरळ सांगत होती, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. "खिसामा ठेवसू म्हनस. मोठा लाव. मनगटलगून जाई असा."

आबेदाने ओढणी तोंडाला लावली. प्रमिलाबाई खुर्चीवरून उठली आणि लेकीच्या पायाशीच खाली बसली. "मनं चुकनं व माय! मी बांधा तुना हात. मीच बांधा. तू सांगं व्हतं माले, तू सांगं व्हतं, आनि मी..."

सुलक्षणाने आईला उठवायचा प्रयत्न केला, पण एका हाताने ते जमेना. मग ती स्वतःच खाली बसली, आईच्या समोर. "नाही माय, तुझी काही चूक नाही" असं ती म्हणाली नाही. खोटं बोलायची सवय नव्हती तिला. तिने उजव्या हाताने डावा हात उचलला आणि आईच्या मांडीवर ठेवला.

"माप ले," ती म्हणाली.

प्रमिलाबाईने गळ्यातली टेप काढली. लहानपणी चिंधीने बांधायची त्याच मनगटाभोवती तिने ती गुंडाळली. हात गार होता. आकडा डोळ्यांना दिसत नव्हता, म्हणून आयतने वाकून वाचून सांगितला. मग प्रमिलाबाई मशीनवर बसली आणि तिने सुलक्षणाच्या कुर्तीच्या डाव्या बाजूची शिवण उसवायला घेतली.